चुनखडीच्या दोन पाट्या

कोल्हापुरात मळी म्हटलं
की माणसं साखर कारखान्याकडं बोट करतात.
माझी मळी शिरोलीची:
वितळत्या लोखंडावरची साय,
कपोलाच्या मागच्या तोंडातून केशरी ओघळलेली,
आवारात ओतून सगळे विसरलेली.

लॅबच्या टेबलावर दोन पोती.
एक कर्नाटकातून आलेलं, मोठ्या स्टील प्लांटचं,
पांढुरकं, पिठासारखं, नावगाव छापलेलं.
दुसरं आमचं. काळी ढेकळं, सुतळीनं बांधलेलं तोंड.
मी चार दिवस दळत होते.
प्रणोतीनं दोन्हींत तेवढाच कॉस्टिक घातला,
तेवढंच सिलिकेट,
शिरोलीत कोअर बांधायला वापरतात तेच.

कर्नाटकाचं घमेल्यातच आवळलं,
थापी उचलायच्या आत.
दुसऱ्या खेपेला पळापळ करून साचे भरले.
आमचं तिसऱ्या दिवशी सोडवलं
तर ठोकळ्याचे कोपरे हातात.

अठ्ठाविसाव्या दिवशी काटा
त्यांच्याला बावन्नावर थांबला,
आमच्याला नवावर.
प्रणोतीनं वहीत नऊ लिहिलं
आणि त्याच्याभोवती गोल काढत बसली.

तपासणीचा कागद आला.
चुना त्यांच्यात सदतीस टक्के, आमच्यात तेवीस.
सिलिका आमच्यात जास्त, मॅग्नेशिया नखभर.
आणि सगळ्यात खाली:
काच कमी, स्फटिक जास्त.

ती ओळ घेऊन मी शिरोलीला गेले.
इस्माईल शिकलगार. कपोलावर सव्वीस वर्षं,
भुवया जळून गेलेल्या.
"लोखंडाचं इचारायला लई येत्यात.
मळीचं इचारणाऱ्या तुमी पैल्या."

चुनखडी किती घालता?
त्यानं पाटी उचलून दाखवली.
"एका घाण्याला दोन. कोक भिजलेला असला तर अडीच.
जास्त टाकली की भट्टीचं अस्तर खाती."
म्हणजे आमचे तेवीस टक्के
त्याच्या उजव्या खांद्यातून येत होते,
जो तो बोलताना सारखा चोळत होता.

आणि ओतल्यावर?
"निवती रातभर. सकाळी फावडं."

निवती रातभर.
सावकाश निवलं की एकेक अणू
आपली जागा शोधून बसतो, पंगतीत बसावं तसा,
मग सोडा कितीही वाढा,
पान भरलेलं असतं.
एकदम पाण्यात पडलेल्याला
बसायला सवडच मिळत नाही.
ते उभ्यानंच गोठतं, रिकाम्या हातांनी,
कुणीही बोलावलं की जातं.

एकोणीस वर्षं मी त्याच कपाटाच्या किल्ल्या
त्याच खिळ्याला अडकवते आहे.
हे तिथं आठवायचं काही कारण नव्हतं.

इस्माईलनं मालकाला विचारलं, हौद भरला,
पोरांना भिंतीमागं घातलं.
"मळीसंगं लोखंड उतरलं तर हौद उडतोय."
केशरी दोर पाण्यात गेला.
फुटाणे उडाल्यासारखा आवाज,
वाफ पार पत्र्यापर्यंत,
आणि तळाला हिरवट काळी वाळू,
मूठ आवळली तर टोचणारी.
दोन डबे भरले,
केएमटीतून मांडीवर घेऊन आले.

पुन्हा अठ्ठावीस दिवस.
काटा एकतीसवर थांबला.
बावन्न नाही.
पाण्यानं काच मिळते, चुना मिळत नाही.
"तिसरी पाटी टाकायला सांगू या?" प्रणोती म्हणाली.
मला अस्तर आठवलं, खांदा आठवला.

फोन लावला. पलीकडं ब्लोअर,
त्यावरून ओरडणारा इस्माईल:
"किती आलं?"
एकतीस.
"कशातलं एकतीस?"
चौरस मिलिमीटरला न्यूटन, असं सांगता सांगता
मीच थांबले.
"घर हुतंय काय त्येचं?"
घर नाही अजून. फुटपाथचे ठोकळे होतील.

थोडा वेळ नुसता ब्लोअर.
"मग आमच्या गेटातच घाला पयलं.
लई चिखल हुतोय हितं."